महिन्यातला एक रविवार

आमच्या मंडळीत उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, बारा ते तीन अशी तीन तासांची उपासना असते. वधस्तंभावरून प्रभू सात वेळा बोलला, म्हणून सात उद्गारांना सात वक्ते, आणि मधेमधे गायनं. वक्ते पाळक, म्हणजे पाद्री, नसतात. मंडळीतलेच कोणी शिक्षक, नर्स, निवृत्त कारकून असतात. त्याआधीच्या, झावळ्यांच्या रविवारी सात नावांचा कागद देवळाच्या फलकावर लागतो. चर्चला आम्ही जुने लोक देऊळच म्हणतो. त्यामुळे सोसायटीतल्या लोकांचा गोंधळ होतो आणि तो मिटवायला मी जात नाही. तर त्या कागदावर तिसऱ्या उद्गारापुढे सलग अकरा वर्षं माझं नाव होतं.

तिसऱ्या उद्गारात प्रभू खाली उभ्या असलेल्या आपल्या आईकडे बघतो. शेजारी त्याचा लाडका शिष्य उभा असतो. मरता मरता तो आईला शिष्याच्या हवाली करतो आणि शिष्याला आईच्या. त्या घटकेपासून शिष्याने तिला आपल्या घरी ठेवून घेतलं, असं पुढे येतं. माझं सगळं भाषण त्या घटकेवर उभं असायचं. पुढच्या महिन्यापासून नाही, मुलांच्या परीक्षा झाल्यावर नाही, मोठा फ्लॅट मिळाल्यावर नाही, तर त्या घटकेपासून. इथे मी थांबायचो, चष्मा काढून पुसायचो. वाघोलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात पंचवीस वर्षं शिकवलंय, त्यामुळे कुठे थांबलं की वर्ग चिडीचूप होतो हे मला ठाऊक आहे. दोन-चार म्हाताऱ्या पदराने डोळे टिपायच्या.

आणि माझी स्वतःची आई कर्वेनगरला माझ्या थोरल्या बहिणीकडे अंथरुणाला खिळून होती. मी खराडीला राहत होतो. तीन बेडरूम, दोन लिफ्ट, खाली जॉगिंग ट्रॅक.

आईला अर्धांगाचा झटका आला तेव्हा ताई त्रेपन्न वर्षांची होती. लग्न केलेलं नव्हतं, शाळेत गणित शिकवायची. वडील आधीच गेले होते. एका सकाळी आईचा उजवा हात, उजवा पाय आणि वाचा गेली. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात मी ताईला म्हणालो, आपण काहीतरी बघू. हे पुण्यातलं फार उपयोगाचं वाक्य आहे. ते म्हणणारा माणूस त्यानंतर काही बघत नाही. माझं कॉलेज होतं, बायकोची नोकरी होती, मुलीची बारावी होती. सगळी कारणं खरी होती, हा त्यातला वाईट भाग. दोन महिन्यांत ताईने शाळेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली. तिने शाळा सोडली याचं मला तेव्हा वाईट वाटलं. तिने पायपेटी सोडली याचं वाटलं नाही, कारण ते माझ्या लक्षातच आलं नाही.

आमच्या देवळात डावीकडे जुनी पायपेटी आहे. पायाने भाता मारायचा आणि हातांनी वाजवायचं. ताई एकोणिसाव्या वर्षापासून ती वाजवत होती. चपला काढून, अनवाणी. उपासनेच्या आधी अर्धा तास यायची, सगळे सूर एकदा दाबून बघायची, कुठली पट्टी दमट हवेने अडकलीय ते हेअरपिनने सोडवायची. बोलण्यात ती कंजूष. मंडळीत कुणी तिला मोठ्याने प्रार्थना करायला सांगितलं तर दोन वाक्यांत आमेन म्हणून मोकळी व्हायची. तिचं देवाशी जे काही चालायचं ते त्या पेटीवर.

आईला रविवारी सकाळी एकटं ठेवता येत नव्हतं. कामाला येणारी बाई रविवारी सुट्टी घ्यायची. म्हणून ताईचं देवळात येणं थांबलं. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांनी कीबोर्ड आणला. पायपेटीवर कापड टाकलं गेलं आणि त्यावर फुलदाणी आली. मी मात्र दर रविवारी गाडी काढून वेळेवर हजर. उपासना संपली की लोक विचारायचे, ताई कशा आहेत, आई कशी आहे. मी म्हणायचो, छान आहेत, दोघींनी सलाम सांगितलाय. महिन्यातून एकदा पपई आणि सफरचंदं घेऊन कर्वेनगरला जायचो, पलंगापाशी बसायचो, चहा घ्यायचो, ट्रॅफिकच्या नावाने बोटं मोडायचो आणि निघायचो. आई माझ्याकडे बघत राहायची. तिला सगळं कळत होतं, फक्त बोलता येत नव्हतं.

गेल्या वर्षी उत्तम शुक्रवारच्या आठवड्यात कीबोर्ड वाजवणाऱ्याला कावीळ झाली. पाळकसाहेबांनी ताईला फोन केला. ताईच्या शेजारी एक काकू राहतात, जुन्या पुण्याच्या, एकादशी न चुकवणाऱ्या. त्या म्हणाल्या, मी बसते आईंजवळ, तुम्ही जा. असे नऊ वर्षांनी ताई देवळात आली. पांढरी सुती साडी, हातात जुनं गायनाचं पुस्तक. फुलदाणी खिडकीत ठेवली, कापडाची घडी केली, चपला काढल्या आणि भाता मारून बघितला. धूळ उडाली. पहिला सूर लागला तेव्हा तिचा चेहरा मी पाहिला होता. तेवढं पाहून मी गप्प बसायला हवं होतं.

पण मी वक्ता. माझ्या डोक्यात आलं, आज भाषणाला जिवंत दृष्टांत समोर बसलाय. तयारीत नव्हतं ते मी ऐनवेळी घातलं. शिष्याच्या घरापर्यंत आलो, थांबलो, चष्मा काढला आणि म्हणालो की हे फक्त दोन हजार वर्षांपूर्वी घडलेलं नाही. आपल्या मंडळीत एक बहीण आहे. तिने नोकरी सोडली, संसार केला नाही, आपलं सगळं आयुष्य आईच्या पलंगाशी अर्पण केलं. कुणी तिच्यावर लादलं नाही. तिने ते स्वेच्छेने केलं, आनंदाने केलं, प्रभूच्या प्रेमाखातर केलं. ती आज आपल्यात आहे.

देवळातली सगळी डोकी डावीकडे वळली. ताईला लपायला जागा नव्हती, पायपेटी सगळ्यांच्या समोर आहे. ती पुस्तकाचं पान धरून खाली बघत होती. मी खाली उतरलो तेव्हा एका पंचांनी माझा हात दाबला. आता गायन होतं. ताईने सुरुवात केली ती दोन सूर वर. चौतीस वर्षांत ताईची पट्टी चुकलेली मी ऐकली नव्हती. मंडळीचा आवाज पहिल्याच ओळीत फाटला, बायका कशाबशा पोचल्या, पुरुषांनी सोडून दिलं. ताईने थांबून पट्टी बदलली नाही. तशीच चार कडवी वाजवत राहिली. मला वाटलं, भरून आलं असेल. खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं.

तीनला उपासना संपली. बाहेर उन्हात बायकांनी ताईला गाठलं. धन्य आहेस, म्हणाल्या. एकीने तर तिचे हात आपल्या डोळ्यांना लावले. ताई हसली आणि माझ्या गाडीत येऊन बसली. मी तिला कर्वेनगरला सोडणार होतो. लकडी पूल ओलांडला, डेक्कन गेलं. नळ स्टॉपच्या पुलाखाली सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाली, "तू 'आनंदाने केलं' म्हणालास."

मी म्हणालो, मग काय म्हणायला हवं होतं?

"मला विचारायचंस. नऊ वर्षांत तू एकदा तरी विचारलंस का, ताई, तुला हे जमतंय का, तुला हे हवंय का? प्रभूने तरी आदल्या रात्री बागेत गुडघे टेकून हे टळलं तर बघ म्हणून बापाला विनवलं होतं. मला तेवढीसुद्धा बाग मिळाली नाही. तू आपण बघू म्हणालास आणि घरी गेलास."

सिग्नल सुटला. मागच्याने हॉर्न दिला. मी गाडी पहिल्यावर टाकायला गेलो आणि बंद पाडली. ताई पुढे शांतपणे बोलत होती, वर्गात पायऱ्या सांगावं तशी. म्हणाली, "माझा दृष्टांत करू नकोस. मी अजून जिवंत आहे. त्यापेक्षा महिन्यातला एक रविवार दे. प्रभुभोजनाचा. तू आईजवळ बस, मी पेटीवर बसते."

मी हो म्हणालो. पण राग आला होता. मी तिचं एवढं कौतुक केलं, तेही भर मंडळीत, आणि वर हे ऐकून घ्यायचं. घरी येऊन बायकोपुढे सगळं ओकलो. बायको भाजी निवडत होती. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या त्या गोष्टीत ताई आहेत, आई आहेत. शिष्य कुठे होता?" मी उठून बाल्कनीत गेलो.

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी, म्हणजे प्रभुभोजनाच्या, भाकरी आणि द्राक्षारसाच्या दिवशी, सकाळी आठला मी कर्वेनगरला पोचलो. जिन्यात काकू भेटल्या. "अरे वा," म्हणाल्या, "खराडीहून व्हिसा मिळाला वाटतं." ताईने फ्रीजवर कागद लावून ठेवला होता. किती वाजता कूस बदलायची, पाणी चमच्याने कसं द्यायचं, पाठीला उशी कुठे. पेज नाचणीची, दहा वाजता, घाई करायची नाही. शेवटची ओळ होती: तोंड उघडलं नाही तर गाणं म्हण. कुठलंही. ती पुढचं म्हणेल.

ती ओळ मला कळली नाही. आईला बोलताच येत नव्हतं, ती म्हणणार काय? दहा वाजता मी पेज घेऊन बसलो. आईने ओठ घट्ट मिटले. मी म्हणालो, आई, खा गं. म्हणालो, बघ, मी भरवतोय. पहिला चमचा हनुवटीवरून गळ्यातल्या टॉवेलवर गेला, दुसरा माझ्या शर्टावर. गाणं म्हणायची मला लाज वाटली. शेजारी काकू, खिडकी उघडी, आणि माझा आवाज देवाने फक्त भाषणासाठी दिलेला. अर्धा तास झटापट केली. मग पेज गार झाली आणि मी ती मोरीत ओतली. वाटी धुऊन पालथी घातली.

ताई बाराला आली. नऊ वर्षांनी तिने प्रभुभोजनाला पेटी वाजवली होती. इतकी मोकळी मी तिला लहानपणानंतर पाहिली नव्हती. चपलासुद्धा हातात घेऊन आली, म्हणे पायांना अजून भात्याची सवय आहे. दारातूनच तिने विचारलं, खाल्लं का रे माझ्या बाईने? मी म्हणालो, "सगळं खाल्लं."

ताईने आईकडे बघितलं, मग मोरीकडे. मोरीच्या जाळीवर नाचणीचा लालसर थर राहिला होता. तो मला दिसलाच नव्हता. साडीही न बदलता तिने पुन्हा पेज लावली, पलंगाखालून घरची छोटी पेटी ओढली आणि आईच्या कानाशी बसून अगदी खालच्या पट्टीत एक जुनं गायन धरलं. आणि माझ्या आईने, जिच्या तोंडून नऊ वर्षांत मी एक धड शब्द ऐकला नव्हता, दुसरी ओळ म्हटली. शब्द नीट, सूर नीट. बोलायची वाट बंद झाली तरी गाण्याची उघडी राहते, असं होतं म्हणे काही माणसांचं. ओळ संपली की आईचं तोंड उघडं असायचं आणि ताई तेवढ्यात चमचा आत सारायची. एक हात पट्ट्यांवर, दुसरा भात्यावरून वाटीत आणि परत भात्यावर. चार कडव्यांत वाटी संपली.

हे रोज तीनदा चालत होतं, आणि मला माहीत नव्हतं. मी पपई घेऊन यायचो ती दुपारी, जेवणं झाल्यावर. मी दाराकडे तोंड करून उभा राहिलो, कारण मला रडू आलं होतं. ताई म्हणाली, पुढच्या वेळी गाणं खालून धर, आईचा आवाज वर जात नाही.

जूनमध्ये मी गेलो. एक ओळ पुटपुटलो, आईने तीन चमचे घेतले. जुलैमध्ये एका जुन्या विद्यार्थ्याची वास्तुशांत होती. ऑगस्टमध्ये दोन दिवस सर्दी होती. खरं म्हणजे तीही बरी होत आली होती. ताईला फोन केला की ती म्हणायची, असू दे. तिने कधी बोलून दाखवलं नाही. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी तिचाच फोन आला: उद्या येऊ नकोस, मला जरा बरं नाही, मी काही देवळात जात नाही. फोन ठेवल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं होतं. ते वाटणं मी विसरू शकलेलो नाही. या सगळ्यात ते मला सर्वांत जास्त खातं.

तिचं पोट वर्षभर दुखत होतं. ती ॲसिडिटीच्या गोळ्या घेत होती. तपासायला गेलं तर ॲडमिट करतील, मग आईचं कोण बघणार, म्हणून गेली नव्हती. काकूंनी बळेच नेलं तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर होता आणि यकृतापर्यंत गेला होता. त्या संध्याकाळी रुग्णवाहिकेतून आईला मी खराडीला आणलं. लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावेना, खुर्चीत बसवून वर नेलं. दाराशी आलो तेव्हा माझ्याच भाषणातलं ते वाक्य आठवलं आणि मी उंबऱ्यातच थांबलो. बायको म्हणाली, अहो, खुर्ची धरा. त्या घटकेपासून मी आईला घरी आणलं होतं, फक्त घटका नऊ वर्षं उशिरा आली होती.

ऑक्टोबरभर मी सकाळी आईचं करून दुपारी ताईकडे हॉस्पिटलात जायचो. ती झपाट्याने वाळत होती. एक दिवस जरा शुद्धीत, उशाला टेकून बसली होती. मी विचारलं. जे आधी कधीच विचारलं नव्हतं ते विचारलं: ताई, तुला हे हवं होतं का गं?

ती म्हणाली, "आनंदाने नाही केलं रे. पण कुणी हात धरून करायला लावलं असंही नाही. रोज सकाळी उठून परत ठरवायचे. काही दिवशी ते दुपारपर्यंत टिकायचं नाही. मग दुपारी परत."

मी म्हणालो, मी मंडळीत प्रभूच्या प्रेमाखातर म्हणालो होतो, ते चूकच होतं का?

"ते चूक नव्हतं," ती म्हणाली. "नाहीतर रोज ठरवायला बळ कुठून आणलं असतं? काही दिवशी मी त्याच्याशी भांडायचे. पेज ढवळता ढवळता. तू एक दिवस लटकलास, म्हणायचे, मी बघ किती वर्षं. मग मलाच कसंतरी व्हायचं. पण तो कधी रागावून गेला नाही, एवढं खरं. रोज सकाळी असायचाच."

आयुष्यात देवाबद्दल ती माझ्याशी एवढंच बोलली. मी तिचे पाय चेपत बसलो. पावलं थंड होती, टाचांना भात्याचे जुने घट्टे होते. मी माफी मागितली, ती म्हणाली, बरं. आणि मग आईचं काय खाणं चाललंय ते विचारलं. मी म्हणालो, निम्मं खाते. ती म्हणाली, तू वरून धरत असशील.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ताई गेली. मी तिला दोन रविवार दिले होते. मे आणि जून. पाळकसाहेबांनी पायपेटीवरचं कापड काढायला लावलं होतं, पण वाजवायला कोणी नव्हतं, गायनं कीबोर्डवरच झाली. आईला मी व्हीलचेअरवर पहिल्या रांगेत बसवलं होतं. ती रडली नाही. शवपेटीकडे बघत होती. शेवटचं गायन सुरू झालं आणि आईने म्हणायला सुरुवात केली, कीबोर्डच्या पट्टीत नाही, आपल्या खालच्या पट्टीत, ताईच्या पट्टीत. हळूहळू मागचे लोक कीबोर्ड सोडून तिच्या मागून म्हणू लागले. वाजवणाऱ्याने हात उचलून घेतले. सगळी कडवी आईने पुरी केली आणि मग डाव्या हाताने चाचपत ताईच्या शवपेटीची कड धरली. ती सोडवायला दोघं लागले. मी लोकांसमोर हमसून रडलो, चष्मा पुसायचं भानही राहिलं नाही.

यंदा झावळ्यांच्या रविवाराआधी पाळकसाहेबांचा फोन आला. सर, तिसरा तुमच्याकडे नेहमीप्रमाणे. मी म्हणालो, या वर्षी नाही जमणार. ते म्हणाले, मग पाचवा घ्या, लहान आहे. मी म्हणालो, आई घरी आहे. बायकोला या वर्षी तीन तास बसायचंय, मी तिला हो म्हटलंय. पाळकसाहेब म्हणाले, बरोबर आहे.

मी हे काही आनंदाने करत नाही, तेही सांगून टाकतो. पाठ धरते. डायपर बदलताना अजून मन आक्रसतं. मध्ये एकदा आईवर ओरडलो आणि ती नुसती बघत राहिली, मग अर्धा दिवस मला तिच्यासमोर जाववेना. सकाळी उठलो की पहिल्यांदा वाटतं, आज नको. मग चहा होईपर्यंत काहीतरी ठरतं. ताईकडे असं तीन हजारांवर सकाळी ठरलं असेल. मी गणितात तिच्याएवढा नाही, पण हा एवढा हिशेब करता येतो, आणि तो करून झाला की मला गप्प बसावं लागतं. प्रभूने आपल्यासाठी जीव दिला हे मी अकरा वर्षं छान बोललो. कुणीतरी आपल्यासाठी देतंय आणि आपण ते मिळतंय म्हणून घेतोय, हे मात्र मला एकाच माणसाने दाखवलं, आणि तिला मी भाषणात वापरलं.

शुक्रवारी बायको पांढरी साडी नेसून अकराला गेली. मी आईला पुसलं, कूस बदलली, पेज लावली. बारा वाजले. तिकडे पहिला उद्गार सुरू झाला असेल. मी ताईची छोटी पेटी आणली आहे, वाजवता येत नाही, एकच सूर दाबून धरतो. गायन धरलं आणि आईने ओठ मिटले. परत धरलं, परत मिटले. हनुवटीवरून पेज ओघळली. मग कळलं, मी वरून धरतोय. गेल्या वर्षी ताईने धरलं होतं तसं, दोन सूर वर, जिथे कुणालाच पोचता येत नाही. त्या दिवशी तिला भरून आलं नव्हतं, ती ओरडत होती, आणि सबंध मंडळीत मला ते कळायला हवं होतं.

मी बोट डावीकडे सरकवलं. खालून धरलं, माझ्या फुटक्या आवाजात. आई माझ्याकडे बघत होती. मग तिने दुसरी ओळ म्हटली. मी चमचा पुढे केला, तिने घेतला. तिसरी ओळ माझी, चौथी तिची. मधेच ती थांबली आणि दाराकडे बघायला लागली. ताई नाही येणार गं आई, मी म्हणालो. तिने डाव्या हाताने गळ्यातल्या टॉवेलचं टोक उचललं आणि माझं तोंड पुसलं. मला वाटलं, पेज लागली असेल. पेज नव्हती.

मग आम्ही पुन्हा पहिल्यापासून धरलं. तिसऱ्या उद्गाराची वेळ कधी गेली कळलं नाही. वाटी रिकामी झाली, तळाशी चमचा वाजला. आईला उशीला टेकवून मी स्वयंपाकघरात आलो आणि सवयीने खिशातून फोन काढला. ताईचा नंबर अजून वरच आहे. तिचा फोन माझ्याच कपाटात बंद पडलाय. मी फोन ओट्यावर ठेवला, नळ सोडला आणि वाटी धुता धुता मोठ्याने म्हणालो, "ताई, आईने सगळं खाल्लं."

या वेळी ते खरं होतं.